रस्ता दुहेरी झाला, मी एकेरीच राहिलो

दादांना साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे प्रत्यक्ष घालवत नाही, म्हणून कागदावर घालतो, उठवायलाही कोणी लागत नाही.) वहिनींची कंबर काय म्हणते? तुमची बहीण ठणठणीत आहे. किती ठणठणीत, ते पुढे कळेलच. माझं म्हणाल, तर सोमवारपासून हॉर्न ऐकला की हातातला चहा सांडतो.

दादा, आमचा मोठा रस्ता दुहेरी केला! ज्या रस्त्यावर इतकी वर्षं सगळं जग एका दिशेने गेलं, तिथे आता समोरून गाड्या येतात. समोरून! (म्हणे महिनाभर पाट्या लावल्या होत्या. पाट्या मी विद्यार्थ्यांना वाचायला लावतो. स्वतः कशाला वाचू?) तुम्हाला ठाऊकच आहे, माझं ड्रायव्हिंग स्कूल त्याच रस्त्याच्या जिवावर चाललं. डाव्या कडेला बस थांबतात, म्हणून माझा पहिला धडा एकच : उजवी कड धरा आणि जीव गेला तरी सोडू नका. उजवा आरसा एका खांबाने नेला, तो मी परत बसवला नाही, कारण त्या अंगाला फुटपाथाखेरीज बघायचं काय? मधला आरसा माझ्याकडे वळवलेला, भांग पाहायला. अर्धं शहर असं शिकलं आणि पासही झालं, कारण परीक्षाही तिथेच व्हायची.

सोमवारी स्टिअरिंगवर एक दातांचे डॉक्टर, शेजारी मी, मागे भाजीची पिशवी घेऊन तुमची बहीण. डॉक्टरांनी उजवी कड इमानाने धरली, आणि समोर बस! खरीखुरी, माणसांनी भरलेली, आमच्याकडे तोंड करून! जन्मभर दुसऱ्यांना आ करायला लावणाऱ्या माणसाने स्वतः आ केला. बस वीतभर अंतरावर थांबली. मी मागे वळून पाहतो तर आमच्यामागे मोटारींची ही लांबलचक रांग, सगळ्या उजवी कड धरून! वाहतूक पोलीस तावातावाने आला. "तुम्हा सगळ्यांना गाडी शिकवली कोणी?" रांगेतली एकूण एक बोटं माझ्याकडे वळली. एकजण तर खाली उतरून "नमस्कार सर" म्हणाला. दादा, धरणी दुभंगली असती तर मी गाडीसकट आत गेलो असतो.

मग तुमची बहीण उतरली. डॉक्टरांना तिने मागे बसवलं, पिशवी माझ्या मांडीवर दिली, मागच्यांना एकेक करून मागे घ्यायला लावलं आणि आमची गाडी अशी काही मागे काढली की बसमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. (ती तुमच्याकडे शिकली, माझ्याकडे नाही. लग्नात तुम्ही हे बोलला होतात, तेव्हा मी हसलो होतो.) पोलीससाहेबांनी मला बजावलं आहे : येत्या सोमवारी याच रस्त्यावर स्वतः गाडी चालवून दाखवा, नाहीतर स्कूलची पाटी उतरवा. पाटी उतरली तर या वयात मी दुसरं करणार काय, दादा? म्हणून रस्ता पुन्हा एकेरी करावा असा अर्ज मी लिहिला आहे. त्यावर तुमची सही हवी.

तुमचा,
हादरलेला मेहुणा

ता. क. अर्जाचं राहू द्या. मी उद्याच तुमच्याकडे येतो. तुमच्या गल्लीबोळांत मला गुपचूप शिकवाल का? इथे कोणाकडे जाऊ? जो तो माझाच विद्यार्थी. बहिणीला कळू देऊ नका.

ता. क. दादा, पाकिटाला तिकीट लावायला यांनी माझ्याकडेच दिलं. यांना पाठवत नाही, मीच शिकवते आहे. आज उजवा आरसा बसवून घेतला, मधला सरळ केला. हे बराच वेळ त्यात बघत राहिले, मग घाबऱ्या आवाजात म्हणाले, "अगं, मागून इतके लोक येतात? रोज?"