सृष्टीताईंची तसबीर

सोलापूर,
८ जानेवारी २०२४

ती. मल्हारमामांस,
ऋतुजाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलायचं तर सासूबाई समोर असतात, म्हणून पत्र. उत्तर शेजारच्या गुरम्मांच्या पत्त्यावर पाठवा.

संसार बरा चाललाय. मेलेल्या सवतीच्या नावाचा चांदीचा टाक रीतीप्रमाणे गळ्यात घातलाय, तुम्ही हसाल. पण मोरीच्या बोळात यांच्या पहिल्या बायकोची, सृष्टीताईंची, रंगवलेली तसबीर आहे. तिचा चेहरा नि गळा काळाठिक्कर पडत चाललाय. टाकही काळवंडला. सासूबाई म्हणतात की ती माझ्यावर कोपलीय, तसबिरीला हात लावायचा न्हाय. मामा, मला लई भीती वाटते. इथं राहू की माहेरी येऊ?

तुमची,
ऋतुजा

कुर्डुवाडी,
१३ जानेवारी

चि. ऋतुजास,
अनेक आशीर्वाद.

जन्मभर मी रसायनशास्त्र शिकवलं आणि माझीच भाची भुताला भिते! अगं, पेंटरच्या सफेद्यात शिसं असतं. मोरीतून कुजक्या अंड्यासारखा वास येतो ना, त्या वायूतलं गंधक शिशाला धरतं आणि काळं सल्फाइड तयार होतं. टाकाच्या चांदीचंही तेच. या सल्फाइडला ऑक्सिजन मिळाला की शिशाचं पांढरं सल्फेट होतं. मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइड आण, पाणी घाल आणि कापसानं हलकेच टिप. इतर रंगांना धक्का लागणार नाही. सवत पुन्हा गोरी होईल, मग दोघी सुखानं नांदा.

लोभ आहेच, वेडेपणा कमी कर.
मल्हारमामा

सोलापूर,
१९ जानेवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

सासूबाई बाजारात गेल्यावर कापूस लावला. कपाळ, गाल, ओठ हळूहळू उजळले. मी हसलेसुद्धा. गळ्यावरचंही काळं गेलं, पण निळसर पट्टे राहिले. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला एक. कितीही टिपलं तरी हलले नाहीत. मामा, ते रंगवलेलेच आहेत.

मागं वळले तर हे उभे. रागावले नाहीत. आणखी कुणी पाहिलंय का, एवढंच विचारलं. मी नाही म्हणाले. त्यांनी माझ्या गळ्यावरून सावकाश हात फिरवला, फोन काढून घेतला आणि बाहेरून कडी लावून गेले.

सृष्टीताई तापानं गेल्या, असं मला सांगितलं होतं. गुरम्मा आत्ता खिडकीशी येऊन म्हणाल्या की चित्र सृष्टीताईंच्या भावानं काढलंय. मानसिंग, माढ्यात पाट्या रंगवतो. मयताला आला तेव्हा त्यानं बहिणीच्या गळ्यावरचा पदर सरकवून पाहिला होता. तेराव्याला तो तसबीर घेऊन आला. मेलेल्या माणसाची तसबीर टाकवेना आणि चारचौघांसमोर लावताही येईना, म्हणून सासूबाईंनी त्याच दिवशी ती मोरीकडं टांगली.

गुरम्मांचे यजमान नागप्पा हे पत्र तुमच्या हातात देतील. आशीर्वाद लिहून पाठवू नका. न्यायला या. एकटे येऊ नका.

ऋतुजा