जिनमधला मोगरा

तर पहिली गोष्ट म्हणजे, बाबा, गजरा उकळायचा नसतो. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर परवा एक पातेलं वाचलं असतं. स्टेशनबाहेरच्या बाईकडून दोन मोठे गजरे आणले, दोरा ओढून फुलं सोडवली आणि साखरेच्या पाण्यात टाकून मस्त उकळी काढली. मला वाटलेलं, अख्खं किचन दरवळेल. दरवळलं पण, शेपू आणि ओले मोजे एकत्र शिजायला घातल्यासारखं. फुलं तपकिरी, लिबलिबीत झाली, वर फेस आला आणि त्या फेसात दोन बारीक किडे गोल गोल फिरत होते. शी! तरी मी ते गाळून चाखलं, कारण आमचे सर म्हणतात, चाखल्याशिवाय काही फेकायचं नाही. कडू जहर. वर साबण गिळल्यासारखा घसा. दात घासले तरी जाईना.

तुम्हाला यातलं काहीच माहीत नाही ना. तुम्ही गेलात तेव्हा मी तिसरीत होते, स्कर्टला इस्त्री करून द्या म्हणून तुमच्या मागे लागायचे. आता मी कॅटरिंग कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. आपण अजून मुलुंडलाच, त्याच बिल्डिंगमध्ये. तुमच्या कंपनीनं आईला ऑफिसात लावून घेतलं, त्यावर माझी इंग्लिश मीडियमची फी निघाली आणि ही पण. आईला वाटतं मी केक शिकते. केक पण शिकते, पण मला वेड आहे बारचं. दारू प्यायचं नाही हो, बनवायचं. काय कशात घातलं की काय होतं, आंबट आधी लागेल की गोड, वास कुठून येईल, हे मला रात्रंदिवस सुचत असतं. पण मुलींना बारवर कोण घेतं? सर सरळ सांगतात, ‘बेटा, छान साडी नेस, रिसेप्शनला उभी राहा. बाटल्या मुलांना सांभाळू दे.’ त्यामुळे उद्याची कॉम्पिटिशन माझ्यासाठी सगळं काही आहे. प्रत्येकानं उन्हाळ्याचं, फुलाचं एक थंडगार कॉकटेल करायचं, स्वतःचं, कुठल्याच पुस्तकात नसलेलं. जो पहिला येईल त्याला एअरपोर्टजवळच्या मोठ्या हॉटेलात बारवर ट्रेनिंग. नियमात मुलगा-मुलगी काही लिहिलेलं नाही, मी विचारून घेतलंय. मला काउंटरच्या त्या बाजूला जायचं असेल तर हाच एक दरवाजा आहे, दुसरा नाही.

गुलाबाचं तर निम्मा वर्ग करतोय. मी मोगरा घेतला. का, ते सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल मी किती मूर्ख आहे. तुम्ही गेल्यापासून आईनं डोक्यात फूल घातलेलं नाही. देवाला पण जास्वंद, तगर, झेंडू. मोगरा घरात येत नाही. कुणी हळदीकुंकवाहून आणून मला दिला तर आई म्हणते, ‘बाहेर गॅलरीत ठेव, माझं डोकं दुखतं.’ मला वाटायचं, नवरा गेला की बायकांनी गजरा घालायचा नाही, ते सगळं आई पाळतेय. मला भयंकर राग यायचा त्याचा. एवढी ऑफिसात जाणारी बाई, आणि लोक काय म्हणतील म्हणून फुलं सोडायची? म्हटलं, डोक्यात घालणार नसशील तर ग्लासात देते तुला मोगरा. जिंकले की सांगणार होते स्टेजवर, हे माझ्या आईसाठी. भाषण पण तयार होतं, इंग्लिशमध्ये.

तर उकळण्याची वाट लागल्यावर मला बेकरीच्या क्लासमधलं आठवलं, सर व्हॅनिलाची शेंग साखरेत पुरून ठेवतात. मग मी नवे गजरे आणून स्टीलच्या डब्यात एक थर साखर, एक थर कळ्या, परत साखर, असं भरून झाकण घट्ट लावलं आणि डबा माझ्या कपड्यांच्या कपाटात लपवला. काल सकाळी उघडला तर साखर ओलसर झालेली आणि वास असा की माझे ड्रेस पण घमघमत होते. फुलं काढून टाकली आणि निम्मी साखर गार पाण्यात विरघळवली. आई शनिवारी दुपारपर्यंत ऑफिसात असते. तेवढ्यात माझ्या वर्गातला घाटकोपरचा एक मुलगा जिन घेऊन आला, कारण कॉलेजच्या बारमध्ये प्रॅक्टिसला बाटल्यांत व्हिस्की म्हणून कोरा चहा आणि जिन म्हणून नळाचं पाणी भरलेलं असतं. याच्या काकांकडे परमिट आहे. पेपरात गुंडाळलेली क्वार्टर त्यानं शर्टाच्या आतून काढली, घामानं पेपरची शाई त्याच्या पोटाला लागलेली.

‘यार, तुमच्या जिन्यात एक आजोबा भेटले, मला वरपासून खालपर्यंत बघत होते,’ तो म्हणाला.

‘काय सांगितलंस?’

‘नोट्स द्यायला आलो म्हटलं. ते म्हणाले, नोट्स वाजतात का रे?’

हसत हसत आम्ही झाकणाच्या काचेच्या बरणीत सगळं घातलं. लिंबू, मोगऱ्याचा पाक, जिन, बर्फ. बरणी हलवली, ओतलं, त्यानं घोट घेतला आणि सिंकवर वाकून थुंकला.

‘ए, मासा आहे ह्यात!’

बर्फ. आईची सुरमई फ्रीजरमध्ये बर्फाच्या ट्रेला चिकटून बसलेली असते. मोगरा आणि सुरमई, बाबा, विचार करा. तो खाली जाऊन रसवंतीवाल्याकडून बर्फाचा तुकडा मागून आला, धुतला, फडक्यात घालून लाटण्यानं फोडला. तेवढ्यात मी नुसता पाक पाण्यात घालून परत परत हुंगत होते, आणि काहीतरी कमी आहे असं वाटत होतं. वास चांगला होता, पण माझ्या डोक्यातला मोगरा असा नव्हता. हा टाल्कम पावडरीचा होता, शहाणा, गुळगुळीत. माझ्या मोगऱ्याला खाली एक गरम, आंबूस, नाकात झोंबणारी बाजू होती. मी लिंबाची साल किसून घातली. नाही. आलं घातलं. नाही. मग बर्फ आला, मी जिन ओतली, जरा जास्तच ओतली, हलवून नाक खाली नेलं आणि ओरडलेच. ‘हाच! हाच तो मोगरा!’ तो म्हणाला, ‘झकास आहे यार, पण तू रडतेयस का?’ मला काय माहीत का ते. मला वाटलं, आनंदानं.

आणि दारात चावी फिरली. आई. मी घाबरायला हवं होतं, पण मी एवढी चढलेली होते, न पिताच, की ग्लास घेऊन तिच्यासमोर गेले. तिची पर्स पण खांद्यावरच होती. म्हटलं, ‘आई, काही बोलू नकोस. डोळे मीट आणि फक्त वास घे.’ बिचारीनं मिटले. मी ग्लास नाकाखाली धरला. तिचा चेहरा मी बघत होते, शाबासकीसाठी. आधी ओठ पांढरे झाले. मग तिनं हातानं ग्लास बाजूला केला, मोरीत गेली आणि ओकली. पर्स खांद्यावरून घसरून मोरीत पडली तरी तिला कळलं नाही.

हा येडा मागून विचारतोय, ‘आंटी, लिंबू देऊ का?’

आईनं तोंड धुतलं, पदरानं पुसलं आणि एकदम नेहमीच्या आवाजात म्हणाली, ‘तू घरी जा रे बाळा. आणि ती बाटली पण ने.’ तो गेला. तिनं सगळ्या खिडक्या उघडल्या, पंखा पाचवर केला, मग मला विचारलं, ‘हा वास कुठून आणलास?’

‘मोगरा आहे गं. साखरेत ठेवून...’

‘मोगरा मला कळतो. हा कुठून आणलास?’

मला वाटलं दारूवरून चिडलीय. मी कॉम्पिटिशनचं सांगितलं, हॉटेलचं सांगितलं, आणि मग माझं ते भाषणच सुरू केलं, की आजकाल कोण मानतं गं हे, नवरा गेला म्हणून बाईनं फुलं सोडायची.

‘तुला कोण बोललं नवरा गेला म्हणून सोडली?’

तिनं मोरीतून पर्स उचलली, पाणी निथळवलं.

‘तेराव्याला तुझी आत्या रडत होती, वहिनीच्या डोक्यातली फुलं गेली म्हणून. मी पदर तोंडावर घेतला. सगळ्यांना वाटलं मी पण रडतेय. मी श्वास घेत होते. लोकांना वाटतंय ना की रीत पाळते, वाटू दे. कुणाला काही सांगायला नको, बरंच झालं.’

आणि मग तिनं सांगितलं, खुर्चीवर बसून, ओली पर्स मांडीवर घेऊन. की तुम्ही रोज गजरा नाही आणायचात. ज्या दिवशी पिऊन यायचात त्या दिवशीच आणायचात. घरात येऊन नाही द्यायचात, दारातच, शेजारच्या बायका बाहेर बसलेल्या असायच्या त्यांच्यासमोर, आईला पाठमोरी उभी करून स्वतःच्या हातानं माळायचात. बायका म्हणायच्या, नशीबवान गं बाई तू, आमच्या ह्यांना भाजी आणायचं पण सुचत नाही. आणि मग तुम्ही तिच्याशेजारी उभे राहून सगळ्यांशी गप्पा मारायचात, तिला सरकू न देता.

‘का? कारण माझ्या डोक्यातल्या वासानं त्यांच्या तोंडाचा वास झाकला जायचा. मी त्यांची अगरबत्ती होते. आणि रात्रभर उशीला ते दोन्ही. हे,’ तिनं ग्लासाकडे बोट केलं. ‘हुबेहूब हे.’

मला तुमची किळस आली, बाबा. अशी की हात धुवावेसे वाटले. सगळे कावीळ कावीळ म्हणायचे, दारूचं कुणीच नाही, मी पण शाळेत निबंधात लिहिलेलं, माय फादर डाइड ऑफ जॉन्डिस. पिण्याचं आता ऐकून मी मरणार नाही, हॉटेलात कितीतरी पिणारे बघितलेत. पण तो गजरा? बायकोच्या केसांत स्वतःचा वास लपवायचा आणि वर कौतुक करून घ्यायचं? शी! गटारावर अत्तर ओतल्यासारखं. आणि मला त्यातला तुकडा तोडून द्यायचात ना तुम्ही, माझ्या वेणीला? शाळेत फुलं चालायची नाहीत म्हणून मी तो कंपास बॉक्समध्ये ठेवायचे. खोडरबर, पेन्सिली, सगळ्याला तो वास. माझ्यासाठी गजऱ्याचा दिवस म्हणजे बाबा खुशीत असण्याचा दिवस. मला खांद्यावर बसवून तुम्ही घरभर नाचता आहात, मी वाकून तुमच्या कपाळाला गाल लावते आहे, आणि तुमचा श्वास आणि माझी वेणी, दोन्ही मिळून एकच वास येतो आहे. मला वाटायचं मोगरा असाच असतो. एवढी वर्षं वाटत होतं. म्हणून तर नुसता पाक मला खोटा वाटला. माझ्या नाकाला शिकवलंत तुम्ही, आणि काय शिकवलंत!

आज रविवार. आई सकाळी लोणच्याच्या कैऱ्या चिरत बसली होती. मान वर न करता म्हणाली, ‘उद्या तेच नेणारेस?’

‘दुसरं काय करू आता? एका दिवसात काय सुचणार?’

‘पहिली येशील बघ.’

‘आई, प्लीज टोमणे नको.’

‘टोमणा नाही. दुसऱ्याच्या नाकात असा वास उभा करणं सोपं आहे का? पण मला विचारू नकोस. मी हो म्हणणार नाही. नको म्हटलं तर उद्या तू रिसेप्शनला उभी राहशील आणि जन्मभर मला बोलशील. तुझं तू बघ.’ आणि कैरीची कोय एवढ्या जोरात कापली की अडकित्ता पाटावर आपटला.

हे पत्र कुठे टाकणार नाहीये. तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी पाकिटावर तुमचं नाव लिहायची मला आज इच्छा नाही. फक्त एक सांगायचं राहिलं, जे आईला बोलले नाही. काल ती बरणीतलं उरलेलं ओतून टाक म्हणाली, तेव्हा मोरीत ओतायच्या आधी मी एक घोट घेतला. मग अजून एक. मग सगळं संपवलं. थंडगार, आधी लिंबू, आणि मागून हळूच ते. अंगावर काटा आला, किळस पण तशीच होती, आणि तरी इतकं छान मी आजपर्यंत काही बनवलेलं नाही. साखरेचा डबा अजून माझ्या कपाटात आहे. काय वाटतं तुम्हाला, ठेवू का तो ग्लास उद्या सरांसमोर?