बूट हातात होते

४ फेब्रुवारी

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

न विचारता पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. तुम्ही माझ्या जन्माआधीपासून धावत आहात आणि मी बससाठीसुद्धा धावत नाही. धावण्याविषयी तुम्हाला काही सांगणे हा माझा अधिकार नव्हे. फोन केला होता, पण मामीचा आवाज ऐकताच माझी वाचा बसली. अभ्यास बरा चालला आहे, एवढे सांगून ठेवून दिला.

परवा रविवारी मी तुमच्याकडे मुक्कामाला होते. पहाटे धावून आल्यावर मामीची झोपमोड नको म्हणून तुम्ही नेहमीसारखे बूट खालीच काढून, हातात घेऊन जिना चढत होता. मी दार उघडले तेव्हा तुम्ही मधल्या पायरीवर बसला होता. ओठ पांढरे पडले होते. मला पाहून म्हणालात, लेस बांधतोय. मामा, बूट तुमच्या हातात होते. मी मान डोलावली, आत येऊन पुस्तक उघडले. एक ओळ वाचता आली नाही.

ताप नुकताच उतरलेला. त्यात रिकाम्या पोटी पाय हलके राहतात म्हणून नुसता कोरा चहा, आणि आल्यावर न खाता दुकानात उभ्याने चष्म्याच्या काचा घासणे. वाचनालयात मिळाले ते सारे वाचले. तापानंतर शरीर आतून दुरुस्तीला लागलेले असते. तेव्हा त्याला दामटले, तर कधी कधी हृदयालाच धक्का बसतो. सोळा तारखेला तळ्याच्या शर्यतीत कृपया उतरू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.

रागावलात तरी चालेल. लोभ मात्र कमी करू नये.

तुमची भाची


६ फेब्रुवारी

चि. वाळवीस,
अनेक आशीर्वाद.

वाचनालय कुरतडून संपलं, आता मामाला घेतलंस होय! अगं, जिन्यात जरा दम लागला, इतकंच. दर रविवारी खालून शिट्टी मारून मला उठवणारा माझा जोडीदार, आपला शिट्टी, तुझं पत्र ऐकून म्हणाला, या पोरीला डॉक्टर करा, म्हणजे आपल्याला फुकट तपासेल.

सकाळी अंथरुणातच नाडी मोजायची माझी सवय तुला ठाऊक आहे. पन्नासच्या वर कधी जात नाही. हल्ली सत्तर भरते. घड्याळच मागे पडतंय बहुतेक. कालच सेल बदलून घेतला. मामीला यातलं काही बोलू नकोस, उगाच घर डोक्यावर घेईल. एवढी शर्यत होऊ दे, मग विश्रांतीच विश्रांती.

जेवत जा. आमची आठवण ठेव, भीती नको.

तुझा मामा


८ फेब्रुवारी

ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पन्नासाचे सत्तर होण्याइतके घड्याळ मागे पडले असते, तर तुम्ही दुकान दुपारी उघडले असते. सेल नव्हे मामा, छाती तपासायला हवी.

मी आत्ताच मामीला फोन केला. वाचा बसू नये म्हणून जिना, बूट, नाडी हे सारे कागदावर उतरवले आणि तेवढे वाचून दाखवले. मामीने सगळे ऐकून घेतले. मग तू जेवलीस का, असे विचारून फोन ठेवला.

तुम्ही बोलू नकोस म्हणाला होता, मी बोलले. जन्मभर माझ्याशी अबोला धरलात तरी सोसेन. अबोला धरायला तुम्ही असावे, एवढेच मागणे.

तुमची भाची


११ फेब्रुवारी

चि. वाळवीस,
आशीर्वाद, आणि चार शिव्याही.

मामीने मला भर गिऱ्हाइकासमोरून, एप्रनसकट उचलून नेलं. छातीला तारा लावल्या, रक्त काढलं. तापापायी हृदयाला सूज आलीय. डॉक्टर म्हणाले, या अवस्थेत शर्यतीत उतरला असता तर... आणि वाक्य तिथेच सोडून कागदावर लिहायला लागले. ते अर्धं वाक्य माझ्या कानातून जात नाही.

तीन महिने धावणं बंद. चालायचं ते गल्लीच्या टोकापर्यंत, सावकाश, बोलत बोलत. बोलणं तुटलं की थांबायचं. पण बोलू कोणाशी? तुझी मामी तीन दिवस माझ्याशी एक अक्षर बोललेली नाही.

खरं सांगू? तुझे आजोबा दोन दिवस आराम करतो म्हणून खुर्चीत बसले, ते पुन्हा उंबऱ्याबाहेर पडलेच नाहीत. म्हणून मी बसत नाही. पळताना पडायचं भय नाही गं मला, भय आहे ते बसून राहायचं. रविवारी शिट्टी खालून शिट्टी मारेल आणि मी वर खुर्चीत असेन. त्या सकाळचं काय करायचं, ते तुझ्या एखाद्या पुस्तकात असेल तर कळव.

तुझा मामा


ती. स्व. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पुस्तकांत नाही, शोधले. म्हणून स्वतःच येते. शनिवारी संध्याकाळी पोचेन. हे पत्र माझ्याआधी पोचावे.

रविवारी शिट्टीकाकांची शिट्टी झाली की आपणही उतरू. ते तळ्याकडे वळतील, आपण गल्लीच्या टोकाकडे. निघण्याआधी तुम्ही केळे खायचे. येताना बूट पायातच ठेवायचे. मामी जागीच असेल.

वाटेत मी बोलेन. सलग चार वाक्ये मी आजवर कोणाशी बोललेली नाही, हे तुम्ही जाणता. विषय काढून ठेवले आहेत. भीती अजून गेलेली नाही. वसतिगृहातला फोन वाजला की पुस्तक मिटून दाराशी जाऊन उभी राहते. म्हणून एक ठरवून घेऊ. तुम्ही गप्प झालात, की मी तिथेच थांबेन आणि तुमचा हात धरेन. मी गप्प झाले, तर तो माझा स्वभाव समजून तुम्ही बोलत राहावे.

लोभ आहे तसा राहो, आणि तो करायला तुम्ही.

तुमची वाळवी

टपालपेटीत टाकले : १३ फेब्रुवारी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटे