उत्तर वर दिलेले आहे

अण्णा,

तुम्ही गेल्याला सतरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला काही सांगावं असं पुष्कळदा वाटलं, पण लिहायला बसले नाही. आज बसले आहे, कारण मधल्या काळात माझ्या हातून एक गोष्ट झाली आणि ती सांगावी असा दुसरा माणूस मला आठवत नाही. आई आता माझ्याकडे लातूरला असते. तिला सांगितलं तर ती 'जाऊ दे गं' म्हणेल. तुम्ही तसं म्हणाला नसता.

नांदेडच्या स्टँडवरची तुमची चौकशीची खिडकी मला नीट आठवते. लोखंडी जाळी, जाळीच्या खाली हात जाईल एवढी फट, आतल्या बाजूला तुमची खुर्ची आणि खुर्चीमागे एक स्टूल. विष्णुपुरीचं कॉलेज सुटलं की मी स्टँडवर उतरायचे आणि तुमची ड्युटी संपेपर्यंत त्या स्टुलावर बसायचे. पुस्तक उघडायचे, पण वाचणं व्हायचं नाही. जाळीपलीकडून सारखे आवाज येत असतात. देगलूर कधी? नायगावची कुठं लागती? मुदखेडची गेली का? एकाला सांगून होतं तोवर त्याच्याच मागे उभा असलेला, सगळं ऐकलेला माणूस पुढे येतो आणि तेच विचारतो. तुम्ही त्यालाही सांगता. पहिल्याला जेवढं सांगितलं तेवढंच, एक शब्द कमी न करता.

तुम्ही गोड बोलत नव्हता. हे मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण तुमच्यामागे लोक तुमच्याविषयी बोलताना तुम्हाला फार गोड करून टाकतात. तुम्ही खेकसायचा. 'गेली की माय, आत्ता तुझ्या डोळ्यादेखत गेली. चहा पीत बसलीस व्हय? आता तीनला हाय. चार नंबरला जाऊन बस आन् हलू नको तिथून.' ती बाई हसायची. चार नंबरला जाऊन बसायची. थोड्या वेळानं पुन्हा यायची, 'साहेब, चारच ना?' तुम्ही जाळीतून चार बोटं दाखवायचा.

खिडकीच्या डोक्यावर वेळापत्रकाचा फलक होता. काळ्यावर पांढरी अक्षरं, गावं आणि वेळा. तुम्ही कधीही त्याच्याकडे बोट दाखवलं नाही. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, तो म्हातारा येईपर्यंत. तुम्ही चहाला गेला होता आणि मला म्हणाला होता, 'कुणी आलं तर थांब म्हण.' म्हातारा आला. धोतर, खांद्यावर टॉवेल, हातात कापडी पिशवी. त्यानं मुदखेडची गाडी विचारली. मला तुमची सगळी उत्तरं पाठ होती, पण ती तुमची होती, माझी नव्हती. मी म्हटलं, 'बाबा, वर लिहिलंय की.' आदरानं म्हटलं. त्यानं मान वर केली आणि फलकाकडे बघत राहिला. डावीकडून उजवीकडे डोळे नेले, वाचणारा माणूस नेतो तसे. मग मान हलवली, 'हाव, हाय की लिव्हलेलं,' म्हणाला आणि जाऊन खांबाला टेकून उभा राहिला. त्याच्यासमोरून मुदखेडची गाडी गेली.

तुम्ही परत आलात तेव्हा तो तिथंच होता. तुम्ही विचारलं आणि त्यानं सांगितलं, 'पोरीनं सांगितलं वर हाय म्हणून.' तुम्ही त्याला आत घेतलं, माझ्या स्टुलावर बसवलं, चहा मागवला. मी उभी होते. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, 'ज्याला वाचता येतंय त्यो खिडकीला कशाला येतंय?' आणि थोड्या वेळानं, 'बोर्डच दाखवायचा आसंल तर मला कशाला बसवलंय हितं?' पुढची गाडी येईपर्यंत दीड तास तो म्हातारा माझ्या स्टुलावर बसून होता. घरी जाताना तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. जेवतानाही नाही.

त्याच पावसाळ्यात तुम्ही मला तो खेळ आणलात, स्टँडबाहेरच्या हातगाडीवरचा, हातात मावणारा. वरून विटा पडतात त्या रचायच्या. मी एकोणीस वर्षांची होते, ते लहान मुलांचं खेळणं होतं, पण मी दिवसदिवस खेळले. तुम्हालाही तो खेळायचा होता. 'ही वीट फिरवायची कशी?' तुम्ही विचारलं. मी दाखवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी मी तो तुमच्या हातातून काढून घेतला आणि म्हटलं, 'राहू द्या अण्णा, तुम्हाला न्हाई जमायचं.' तुम्ही हसलात. परत कधी मागितला नाहीत.

आता मीच खिडकीवर बसते. शिकवणीच्या एका कार्यालयात प्रश्नपत्रिका टाइप करते, ते पोटापुरतं. खिडकी दुसरी आहे. फोनवर एक खेळ असतो, अण्णा. त्यात प्रत्येकाचं एक गाव असतं. घरं बांधायची, तट बांधायचा, सैनिक तयार करायचे. काही गावं मिळून एक टोळी होते आणि टोळीतली माणसं रोज एकमेकांना सैनिक पाठवतात. माणसं कुठकुठली असतात, कुणी कुणाला पाहिलेलं नसतं. मराठी खेळाडूंसाठी एक मोठा गट आहे. खेळाविषयी काही अडलं की तिथं लिहून विचारायचं. तो गट मी सांभाळते. सगळे मला 'ॲडमिन सर' म्हणतात. मी बाई आहे हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सुरुवातीला, खऱ्या नावानं असताना, मी काही विचारलं की उत्तराऐवजी काय काय यायचं ते तुम्हाला सांगणार नाही.

नवीन माणसं येतात आणि तेच विचारतात. गाव एका फोनातून दुसऱ्या फोनात कसं न्यायचं? टोळी कशी बदलायची? रोज, दिवसातून दहादा. जुने खेळाडू चिडतात, शिव्या देतात. मी ते बंद केलं. सगळ्या प्रश्नांची उत्तरं एकत्र लिहिली, दोन सुट्ट्या खर्चून, मुद्देसूद, आणि गटात सर्वांत वर कायमची टाचून ठेवली. त्याला पिन म्हणतात. कुणी तोच प्रश्न विचारला की माझ्या नावानं आपोआप उत्तर जातं: 'नमस्कार. गटात आपलं स्वागत आहे. आपल्या प्रश्नाचं उत्तर वर दिलेलं आहे. कृपया वाचावं.' तीनदा सांगून चौथ्यांदा विचारलं तर सात दिवस गटाबाहेर. आवाजात बोलून विचारायचं नाही, लिहूनच. सगळे म्हणतात, एवढा सभ्य गट दुसरा नाही. मला त्याचा अभिमान होता. तो फलक मी रंगवला आहे हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

एका दुपारी एक बाई आली. नायगावकडच्या एका खेड्यातली. फोनमध्ये बोललं की आपोआप अक्षरं उमटतात, तशी ती लिहीत होती. त्यात स्वल्पविराम नसतो, पूर्णविराम नसतो. 'माझं गाव जुन्या फोनात हाय पुतण्यानं नवा फोन दिलाय गाव नव्यात कसं न्यायचं.' आपोआप उत्तर गेलं. तिनं पुन्हा तेच विचारलं. पुन्हा उत्तर गेलं. मग तिनं लिहिलं, 'चष्मा न्हाई जवळ बाबा तुम्हीच सांगा गाव कसं न्यायचं.' तिसरं उत्तर गेलं. तोवर बाकीचे जमले होते.

'मावशी, पिन वाचा पिन.'

'चष्मा न्हाई तर गेम कशी खेळून राहिली वो?'

'मावशे, भाकर करपली बघ तिकडं.'

'भाकर झाली कवाच,' तिनं लिहिलं, 'सकाळच्या पारीच झाली बाबा आता सांगा.'

मला हसू आलं. अजूनही ते वाक्य आठवलं की येतं. उत्तर चार वाक्यांचं होतं, अण्णा. जुन्या फोनात खेळ उघडायचा, कोपऱ्यातलं चाक दाबायचं, तिसऱ्या ओळीत आकडा येतो तो कागदावर लिहून घ्यायचा, नव्या फोनात तोच आकडा घालायचा. मी आवाजात बोलून पाठवलं असतं तर अर्धं मिनिटही लागलं नसतं. पण माझा आवाज बाईचा आहे.

मग तिचा मोठा मेसेज आला. पडदाभर, एका दमात बोललेला. त्याची सुरुवात पुन्हा त्याच प्रश्नानं होती. एका जुन्या खेळाडूनं लगेच लिहिलं, 'सर, चौथ्यांदा झालं. आमाला तर लगीच हाकलून देत व्हता. मावशीला येगळा कायदा हाय का?' दुसऱ्यानं लिहिलं, 'सर आज लई मऊ पडून राहिले.' मी तो मोठा मेसेज पहिल्या ओळीपुढे वाचला नाही. 'नियम सगळ्यांना सारखा,' असं लिहिलं आणि तिला सात दिवस बाहेर काढलं. बाहेर काढलेल्या माणसाला गटात लिहिता येत नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी तो मेसेज उघडला. तिला दोन-दोन अक्षरं जुळवून थोडं वाचता येतं, मोठं वाचता येत नाही, असं तिनं म्हटलं होतं. तिची लेक निजामाबादकडे दिलेली आहे. सासरी लेकीला तिचा स्वतःचा फोन नाही. नणंदेचा फोन खेळापुरता हातात मिळतो, त्यावर बोललं की घरात विचारतात, कुणाशी बोलली. म्हणून नणंदेला कळू न देता मायलेकी एका टोळीत आहेत. लेक रोज दुपारी आईच्या गावाला सैनिक पाठवते. 'सैनिक आलं की मला कळतंय लेक बरी हाय. मी तिला पाठवते मग तिला कळतंय आई हाय. जुना फोन फुगून राहिला कवा बी बंद पडंल म्हणतेत. गाव गेलं तर मला दुसरं काही करता येत न्हाई.'

सात दिवसांनी तिला परत येता आलं असतं. ती आली नाही. खेळात दुसऱ्याचं गाव बघता येतं, कोण शेवटचं कधी आलं तेही दिसतं. मी तिचं गाव शोधलं. मी तिला काढलं त्याच्या तिसऱ्या दिवसानंतर तिथं कुणी आलेलं नव्हतं. तटाबाहेर लेकीनं पाठवलेले सैनिक उभे होते. आत घ्यायला कुणी नसलं की ते तसेच उभे राहतात. मी रोज बघत होते. रोज थोडे वाढत होते.

मग लेक गटात आली, त्या सैनिकांवर होतं त्याच नावानं. तिनं एकच ओळ लिहिली: 'सर माझी आई रोज दुपारी यायची आता तीन आठवडे झाले येत नाही ती बरी आहे का ते तुम्हाला कळेल का.'

हा प्रश्न पिनमध्ये नव्हता. आपोआप उत्तर गेलं नाही. म्हणजे उत्तर मला द्यायचं होतं, आणि ते मला ठाऊक होतं. तुझी आई बरी असणार, तिचा फोन गेला, गाव नव्या फोनात आणता आलं नाही, एवढंच. पण त्यापुढे तिनं विचारलं असतं, आईनं कुणाला विचारलं का नाही? मी लिहिलं, 'नमस्कार. इतर खेळाडूंविषयीची माहिती गटात देता येत नाही. क्षमस्व.' तिनं लिहिलं, 'बरं सर.' दोन दिवसांनी मी तिला सगळं लिहून पाठवायला बसले, तोवर ती गटातून गेली होती. टोळीच्या यादीतूनही तिचं गाव गेलं. नणंदेला कळलं, की तिनं स्वतःच सोडलं, की आई मेली असं धरून चालली, मला माहीत नाही.

नायगावकडच्या त्या खेड्याचं नाव तिच्या मेसेजमध्ये आहे. लातूरहून जाऊन यायला एक दिवस पुरतो. दोनदा मी कपडे करून तयार झाले. आईनं विचारलं, 'कुठं निघालीस?' मी म्हटलं, 'कुठं न्हाई,' आणि परत बसले.

आपोआप जाणारं उत्तर मी बंद केलेलं नाही. या क्षणीही कुणाला तरी जात असेल. हे पत्र कुठं पाठवायचं नाही हे मला माहीत आहे, तरी त्यात एक खोटं लिहून गेले आहे. वर मी म्हटलं की तिचा मोठा मेसेज मी पहिल्या ओळीपुढे वाचला नाही, दुसऱ्या दिवशी वाचला. तो मी तेव्हाच वाचला होता, अण्णा. सगळा, शेवटपर्यंत. वाचून झाल्यावर बटण दाबलं.