शनिवारपर्यंत सगळं ठीक

३ मार्च, सोमवार
गोदामातल्या लिफ्टच्या ट्रेनिंगला नाव दिलं. कात्रीसारखी उघडत वर जाणारी लिफ्ट, वर पिंजरा, पिंजऱ्यात एक माणूस. धाकट्या जावेनेही नाव दिलं. तिला म्हटलं, घाबरू नकोस, मी आहे.

हे तीच लिफ्ट नऊ वर्षं चालवत होते. रोज सकाळी मशीन तपासून तक्ता भरायचा असतो. बारा रकाने, बारा टिक. ह्यांना लिहायचा कंटाळा, म्हणून तक्ता मी भरायचे. रविवारी घरी बसून, पुढच्या सहा दिवसांचा एकदम. ह्यांच्या जागी मला ऑफिसात घेतलं तेव्हापासून तिथे बसून भरते. एक रकाना कधी रिकामा नाही. म्हणजे न बघताही मशीन मला पाठ आहे.

ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. तापाने गेले. लिफ्टचा संबंध नाही, डॉक्टरांचा तसा कागद आहे. आज पुन्हा वाचला.

४ मार्च
लेखी परीक्षा. वीसपैकी एकोणीस. जावेला तेरा. तिला समजावलं की वाचनाची सवय लागते हळूहळू. चुकलेला प्रश्न : तक्ता कधी भरावा? प्रश्नच नीट विचारलेला नव्हता.

६ मार्च, दुपारी ३
प्रत्यक्ष चालवणं. मी दोन मीटर वर गेले. मला उंचीची भीती नाही, फक्त पाय ऐकत नाहीत. शिकवणाऱ्या मास्तरांनी विचारलं, बाई, डोळे का मिटलेत? म्हटलं, नियम आठवतेय. ते म्हणाले, नियम डोळे उघडे ठेवा असाच आहे. जाऊ थेट छतापर्यंत गेली आणि वरून सांगत बसली की कपाटांवर किती धूळ आहे.
उद्या सहा मीटर. नक्की.

७ मार्च
पोट बिघडलं. जावेला लिफ्ट चालवायचं कार्ड मिळालं. माझं पुढच्या आठवड्यात. तोवर खाली उभी राहणारी मी. वरचा माणूस अडकला तर खालच्याने लाल हँडल ओढून त्याला उतरवायचं. ट्रेनिंगच्या पुस्तकात पान एकतीस. जबाबदारीचं काम आहे, म्हणून मला दिलं.
संकल्प : सोमवारपासून रोज मशीन स्वतः हात लावून तपासायचं.

९ मार्च, रविवार
आठवड्याचा तक्ता घरी आणून भरला. आधीच टिक असल्या की तपासणं सोपं जातं. जावेला म्हटलं, सहा सह्या आत्ताच करून टाक, सकाळी घाई होते. ती म्हणाली, ताई, असं चालतं का? म्हटलं, अकरा वर्षं चाललंय.

१० मार्च
चाकं बघितली. तेवढ्यात माल आला. उरलेलं उद्या.

११ मार्च
उद्या.

१२ मार्च, बुधवार
जाऊ नऊ मीटरवर दिवा बदलत होती. लिफ्ट बंद पडली. वरून म्हणाली, ताई, हँडल ओढा. ओढलं. ती म्हणाली, ओढलंत का? म्हटलं, ओढलं. मग? म्हटलं, मग हातात आलं. वरून ती म्हणाली, जपून ठेवा, घरी दाराला लावू.
पन्नास मिनिटं वर होती. मी खालून धीर देत होते. शेवटी ती म्हणाली, ताई, जरा गप्प बसता का.
मेकॅनिकने उतरवलं. हँडलची तार आतून तुटलेली. गंज दाखवून म्हणाला, पाच वर्षं तरी झाली असतील.
साहेबांनी तक्ता मागवला. आज बुधवार आणि तक्त्यात शनिवारपर्यंत लिफ्ट ठीक. खाली सह्या जावेच्या. तिचं कार्ड काढून घेतलं. ती माझ्याकडे बघत होती. मी तक्त्याकडे.

पाचातून दोन गेले, तीन. तीन वर्षं हे रोज त्या पिंजऱ्यात वर गेले, आणि खाली फक्त माझ्या टिक होत्या. संध्याकाळी घरी आले की मी विचारायचे, भाजीत मीठ बरोबर आहे ना.

१३ मार्च
साहेबांना सगळं सांगायचं ठरवलं. दहा वाजता ते फोनवर होते. बाराला जेवत होते. जेवत्या माणसाला काय सांगायचं? चारला गेले.
जाऊ आज माझ्यासाठी थांबली नाही. तिची काही कामं असतील.

१४ मार्च
सांगितलं. चांगलं भाषण तयार केलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवेना. म्हटलं, टिक माझ्या आहेत. आत्ताच्याही आणि आधीच्याही. साहेबांनी विचारलं, तुमच्या मिस्टरांना माहीत होतं? पटकन म्हणून गेले, तेच तर कोरा तक्ता घरी आणायचे. बोलून झाल्यावर वाटलं, गेलेल्या माणसावर ढकललं. परत आत जाऊन म्हटलं, नाही, हौस माझी होती. साहेब म्हणाले, बाई, कळलं, बसा.
जावेला कार्ड परत. कार्डाच्या यादीतून माझं नाव काढलं. ट्रेनिंग पुन्हा, पहिल्या दिवसापासून. तक्ता ह्यापुढे तिच्याकडे.

१५ मार्च, शनिवार, सकाळी ८
नवी तार बसवली. जावेने मशीन तपासलं. वीस मिनिटं लागली. मी बॅटरी धरली. बोलली एवढंच : इकडे धरा, तिकडे धरा. मग तिने खाली उभं राहूनच बटणाने रिकामा पिंजरा वर नेला आणि मला म्हणाली, ओढा.
ओढलं. पिंजरा हळूहळू खाली आला, जमिनीला टेकला. आत कोणी नव्हतं.
तरी उतरणाऱ्याला वाट हवी म्हणून मी बाजूला सरले.