धुण्याच्या दगडावरचा कुर्ता

आई, आज मी इतकी वैतागले आहे की तू असतीस तर आधी तुझ्याशीच भांडले असते. निम्मं भांडण तुझ्यामुळेच आहे. गळ्यात अडकवायला मोबाईल दिला होता, तर म्हणालीस, "साडीवर हे डबडं? मी काय गाय आहे, गळ्यात घंटा बांधायला?" तो खुंटीलाच राहिला. म्हणून तर मी असे कपडे करायला लागले, ज्यांत यंत्र आहे हे कुणाला दिसूही नये. आताचा कुर्ता निळ्या खादीचा आहे. कॉलरच्या अस्तरात बोटभर पट्टी शिवली आहे. घालणारी बाई पडली की ती पट्टी चौघांना फोन लावते. शोभत नाही, असं तूसुद्धा म्हणाली नसतीस.

पहिला कुर्ता वापरून बघायला गिरीज गावातल्या एका काकूंना दिला. केळीची वाडी, दिवसभर एकट्या. आठ दिवस त्या तो मिरवत होत्या. परवा चारही फोन वाजले. मुलगा चंदनसारहून मोटरसायकल दामटत आला, मागोमाग त्यांची जाऊ, शेजारी आणि मी. बघतो तर काकू विहिरीपाशी उभ्या आणि कुर्ता दगडावर दणादण आपटतायत.

"आई, तू पडलीस ना?"

"मी कशाला पडू? धुणं धुतेय, दिसत नाय?" मग माझ्याकडे वळून, "तुझा कुर्ता भारी चुगलखोर आहे गो बाये!"

पट्टी काढता येईल अशी करा, असं या कुर्त्याला पैसे पुरवणाऱ्या कंपनीच्या साहेबांनी आधीच सुचवलं होतं. त्यावर मी त्यांच्या भर बैठकीत अर्धा तास भाषण ठोकलं होतं: म्हातारपण अंगावर टांगायला लावू नका, बाईच्या कपड्याला साधा खिसा देतानाही तुमचे हात आखडतात. टाळ्याही पडल्या. पण आपल्याकडे आपटल्याशिवाय कपडा धुतला असं कुणी मानत नाही, हे तुझ्या पोटी जन्मून मी विसरले. आता पट्टी बटणाने निघेल. चूक माझी, कबूल.

साहेबांनी मात्र आता नवीनच काढलंय. "मॅडम, चौघं धावले, नुसता गोंधळ. एकच नंबर ठेवू, मुलाचा किंवा मुलीचा. पुरे." उद्यापर्यंत होकार द्यायचा, नाहीतर कुर्ता बंद. मी फोनवर इतकी ओरडले की शिवणाऱ्या मुलींनी मशीन थांबवली. शेजारधर्म, वाडीतली माणसं, सगळं बोलून झालं. ते शांतपणे म्हणाले, "पोटचं मूल फोन उचलणार नाही, असं कसं होईल?" मी फोन ठेवून दिला.

तू माडाखाली पडलीस तेव्हा मोबाईल खुंटीला होता, हे मी तुझ्या तेराव्यापासून सगळ्यांना सांगत आले, जणू दोष तुझाच. त्या दुपारी मी व्यासपीठावर होते. बोलण्यात व्यत्यय नको म्हणून माझा फोन बंद करून ठेवला होता. तू लावला असतास, तरी लागला नसता. उद्या चार नंबरांसाठी मी पुन्हा भांडणार आहे; कारण मात्र तिथेही सांगणं मला जमणार नाही.