शपथेवर मेलेली मावशी

क्वेकर्स हिल,
१४ ऑक्टोबर २०२५

चि. जॉर्डन यास,
येशू तुला सुबुद्धी देवो. आशीर्वाद पुढे कधीतरी.

वि. वि. तू पाच वर्षांचा होतास. वसईच्या घरी मी टायफॉइडने आडवी झाले होते आणि तू दारात दप्तर घेऊन म्हणाला होतास की मावशी, तू मेलीस तर मी शाळेत जाणार नाही. तुझी मम्मी हसत सुटली. मी मात्र दुसऱ्या दिवशी अंगात ताप असताना उठले आणि तुला शाळेच्या गेटपर्यंत सोडून आले. आत जाताना तू सारखा मागे वळून बघत होतास, मी उभी आहे की पडले म्हणून.

आज कळलं की तू शब्दाचा पक्का आहेस. मी मेले आणि तू कॉलेजला जायचा बंद झालास.

सकाळी ब्लॅकटाउनच्या लॅबमध्ये एका बाईच्या दंडाला पट्टा बांधून नस शोधत होते, तेवढ्यात तुझ्या युनिव्हर्सिटीतून फोन आला. त्यांना मिस्टर ब्लेझ हवे होते. पहिल्या वर्षी तू फॉर्मवर नाव अंकलचं आणि नंबर माझा दिला होतास ना, अंकल फोन उचलत नाहीत म्हणून? ते तू विसरलास, ते नाही विसरले. बोलणारी बाई फार गोड होती. फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाचा जॉर्डन हॉस्पिटलमधल्या शिकाऊ ड्यूटीला, म्हणजे प्लेसमेंटला, परत आलाच नाही, म्हणून काळजी वाटते, असं म्हणाली. ज्या मावशीने वाढवलं तिच्या जाण्याने तो खचला असेल, असंही म्हणाली. मी विचारलं, कोणती मावशी. कागद बघून तिने सांगितलं, जोसेफिन. आमच्या सगळ्यांकडून सांत्वन, असं म्हणाली आणि माझ्या तोंडून थँक यू गेलं.

त्या थँक यूचा मला सगळ्यात जास्त राग आला आहे. माझ्याच मरणाला मी तुझ्यासाठी हो म्हटलं, तेही हातात कुणाच्या तरी रक्तासाठी बाटली धरून.

अंकलना सांगितलं तर त्यांनी विचारलं की विधुराला ऑफिसातून किती रजा मिळते. त्यांना हसू दे. मला हसायचं नाही. मी गेले तरी कशाने, जॉर्डन? माझ्या नावाने चर्चमध्ये मिस्सा लावलीस का? सातव्या दिवसाची? महिन्याची?

फोन उचलत नाहीस, मेसेज वाचून तसाच ठेवतोस, म्हणून हा कागद. शिवाय फोनवर तू मला हसवतोस आणि मी विरघळते. काय चाललंय ते लिहून कळव. तोवर माया स्थगित.

तुझी हयात मावशी,
जोसेफिन

*

क्लेटन,
मेलबर्न, २१ ऑक्टोबर २०२५

ति. जोसेफिनमावशीस,
सा. न. वि. वि.

सॉरी. खूप वेळा सॉरी. पण आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. कॅन्सर वगैरे मी तुला दिला नाही. झोपेत गेलीस, शांतपणे. तेवढं तुझ्यासाठी केलं.

आता रागावू नकोस आणि पूर्ण वाच. गेल्या वर्षी फ्लॅटमधले सगळे मिळून फुटीच्या, इथल्या फुटबॉलच्या, मॅचवर थोडं बेटिंग करायचो. मजा म्हणून. मग मी एकटाच करायला लागलो. म्हणजे ॲडिक्ट वगैरे नाही, पण फोनमध्येच असतं ना, हात जातो. सप्टेंबरात फुटीच्या फायनल्स होत्या, त्यात प्लेसमेंटचे दिवस बुडाले. काहीतरी कारण द्यायला हवं होतं. ते नुसत्या सांगण्यावर ऐकत नाहीत, शपथेवर लिहून मागतात. लिहिताना सगळ्यात आधी तूच आठवलीस.

आता प्रकरण कमिटीकडे गेलंय. मला कोर्समधून का काढू नये ते लिहून द्यायचं आणि मग सत्तावीस नोव्हेंबरला त्यांच्यापुढे बसायचं. माझ्या फ्लॅटमधला शंतनू आहे ना, पुण्याचा, इथेच शिकून, कायम राहायचा पीआर मिळवून आता वेअरहाऊसमध्ये शिफ्टा करतो, त्याने मला पत्राचा छान ड्राफ्ट करून दिलाय. तुझ्यावर दोन पॅरेग्राफ आहेत. वाचलास तर तुलाच रडू येईल.

म्हणून मावशी, एवढंच कर. कमिटी होईपर्यंत मेलेली राहा. पुन्हा फोन आला तर तू ब्लेझ अंकलची बायको, एवढंच सांग. ते खोटं थोडंच आहे? नंतर मी सगळं नीट करीन, नो वरीज. हात जाऊ नये म्हणून फोनसुद्धा मी शंतनूकडे देऊन टाकलाय, म्हणून हे पत्र. मम्मीला प्लीज काही कळवू नकोस.

माया परत चालू करावी ही विनंती.

तुझा,
जॉर्डन

*

क्वेकर्स हिल,
२ नोव्हेंबर २०२५

जॉर्डन,

आज मायन्यात काही लिहावंसं वाटत नाही.

आज मृतांचा दिवस. वसईला तुझी मम्मी सकाळीच आजोबांच्या कबरीवर फुलं घेऊन गेली असेल. इथे आमच्या चर्चमध्ये फादरनी वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचली. मी माझं नाव येतंय का म्हणून कान देऊन बसले होते. शेजारी रेनी बसली होती, तिची आई मार्चमध्ये गेली. आईचं नाव आलं तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला. खरं मरण असं असतं. ते तू फॉर्मवर लिहून आलास.

तुझं पत्र वाचून मी शंतनूशी बोलले. तुझाच फोन त्याने उचलला. तो मुलगा माझ्याशी खोटं बोलला नाही, एवढं त्याला श्रेय. फोन तू दिलास खरा, पण दर शनिवारी मागून नेतोस. नाही दिला तर भांडतोस, एकदा दाराला लाथ मारलीस. मजा म्हणून फुटी? अरे, तू पहाटे उठून कुठल्यातरी देशातल्या टेबल टेनिसवर लावतोस, ज्या खेळाडूंची नावंही तुला नीट म्हणता येत नाहीत! पैशांचं मी विचारत नाही. गेले ते गेले. पण याला मजा म्हणू नकोस. मी रोज अशी माणसं बघते, जी सुई टोचण्याआधी सांगतात की आम्ही फक्त कधीमधी घेतो. रक्त वेगळंच सांगतं.

तू मला मारलंस याचा राग आता उतरला. राग याचा आहे की तू मला कामाला लावलंस. जिवंत मावशी तुला नको होती, ती प्रश्न विचारते. मेलेली बरी. ती जाब मागत नाही, रडवते आणि मार्क मिळवून देते.

आणि मी मम्मीला काही कळवू नये? दर रविवारी ती जेवणाच्या टेबलावर फोन टेकवून मला विचारते की जॉर्डन बारीक झालाय का. मी सांगते, अभ्यास फार आहे. ती छातीवर क्रूस करते. दोन रविवार मी हे केलं. तिसऱ्यांदा करणार नाही. सांगणारही नाही. ते तुझं काम आहे.

तुला आठवतं का माहीत नाही. आजोबांना अर्धांगवायू झाला तेव्हा मी सुट्टीला आले होते. ओसरीवर बसून तू त्यांच्या मिटलेल्या मुठीतलं एकेक बोट उघडत होतास, ती परत मिटायची, तू परत उघडायचास. कंटाळत नव्हतास. मी तेव्हा अंकलना म्हटलं होतं की या पोराचं शिक्षण मी इथे करीन. त्या हातांसाठी तू इथे आलास. आता त्याच हाताचा अंगठा दिवसभर फोनची काच घासतो.

तो ड्राफ्ट फाड. युनिव्हर्सिटीतून फोन आला तर मी माझं पूर्ण नाव सांगणार आहे, स्पेलिंगसकट.

जोसेफिन

*

क्लेटन,
७ नोव्हेंबर २०२५

मावशी,

सांग नाव. बिनधास्त सांग. तूच इथे आणलंस, तूच परत पाठव.

मंगळवारी इथे सुट्टी होती. कसली, माहितीये? घोड्यांच्या शर्यतीची. सगळ्या शहराला सुट्टी. माझी ट्यूटर डोक्यावर पिसांची टोपी घालून फोटो टाकते, हॉस्पिटलच्या नर्सेस चिठ्ठ्या काढून घोडे वाटून घेतात, आणि सगळे हॅपी. बसवर जाहिरात, मॅचच्या मध्ये जाहिरात, शेजारच्या नीलला, जो अजून प्रायमरीत आहे, कुठल्या टीमवर काय भाव चाललाय ते पाठ आहे. त्यांच्यावर कुणी चिडत नाही. त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की जबाबदारीने खेळा. बेजबाबदार मी एकटा.

तू काच घासतो म्हणालीस. तुला वाटतं मला आवडतं? जिंकलो तरी आता काही वाटत नाही. फक्त पुढची बेट लावली की छातीत जे होतं, ते तेवढ्यापुरतं थांबतं.

आणि तुला खरं हवंय ना? घे. फायनल्समुळे दिवस बुडाले हे खोटं आहे. वॉर्डात एक ग्रीक आजोबा होते. खुब्याचं ऑपरेशन झालेले. त्या दिवशी ते पहिल्यांदा उभे राहिले, दोन्ही बाजूंच्या दांड्या धरून. मी त्यांच्यापाशी असायला हवा होतो. खिशात फोन थरथरला. मी त्यांना म्हटलं एक मिनिट, आणि कॉरिडॉरमध्ये गेलो. किती वेळ गेलो ते मला सांगता येणार नाही, कारण मी घड्याळ बघत नव्हतो, स्कोअर बघत होतो. परत आलो तर ते तसेच उभे. घामाने गाऊन भिजलेला, पाय लटपटतायत, दांडीवरची बोटं पांढरी पडलेली. हाक का नाही मारली विचारलं, तर म्हणाले की तू एक मिनिट म्हणालास ना, मेट.

ते पडले नाहीत. कुणी पाहिलं नाही. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, उलट मला थँक यू म्हणाले. ते पडले असते तर बरं झालं असतं असं मला वाटलं, मावशी, म्हणजे कुणीतरी माझ्यावर ओरडलं असतं. दुसऱ्या दिवशी मी त्या वॉर्डात जाऊ शकलो नाही. म्हणून तुला मारलं.

आता चीड.

जॉर्डन

*

क्वेकर्स हिल,
१२ नोव्हेंबर २०२५

चि. जॉर्डन यास,

तू चीड म्हणालास, तर ऐक. चिडलेच आहे. पत्र वाचून मी स्वयंपाकघरात उभी राहिले आणि त्या आजोबांच्या वतीने तुझ्यावर मोठ्याने ओरडले, एवढी की अंकल बागेतून आत आले. त्यांनी वाचलं. ते हसले नाहीत.

जाहिरातींबद्दल तू म्हणतोस ते सगळं खरं आहे. त्यांच्यावरही चिडायला हवं आणि मी चिडते. पण त्या दांड्यांपाशी तुझी ड्यूटी होती, जाहिरातीची नाही.

कमिटीला हे सांग. माझं मरण नको, त्यांचं उभं राहणं सांग. कदाचित ते तुला काढून टाकतील. तरी सांग. ते लपवून फिजिओ झालास, तर पुढच्या वेळी दांडीपाशी कुणाचा बाप असेल.

अंकल म्हणतात मी सत्तावीसला मेलबर्नला जावं. मी जाणार नाही. एक सही, एक फोन, एक फेरी माझ्याकडून मिळणार नाही. तुला शाळेत सोडून झालं माझं.

ज्येष्ठांचा राग असाच असू द्यावा.

जोसेफिनमावशी

*

क्लेटन,
१७ नोव्हेंबर २०२५

ति. जोसेफिनमावशीस,
सा. न. वि. वि.

ड्राफ्ट फाडला. शंतनूला वाईट वाटलं, त्याने मेहनत केली होती. मी स्वतः लिहून काल पाठवलं. पहिलं वाक्य असं की माझी मावशी जिवंत आहे, मी शपथेवर खोटं लिहिलं होतं. त्यानंतर ग्रीक आजोबा. छान नाही झालंय, एका पानाचंही नाही. वॉर्डातल्या सुपरवायझरलाही वेगळं कळवलं. तिचं उत्तर आलेलं नाही.

काल रविवार होता, मम्मीला सांगितलं. शंतनूच्या लॅपटॉपवरून. ती फोन टेबलावर उताणा ठेवून उठून गेली. मला बराच वेळ नुसता छताचा पंखा दिसत होता. मग पप्पा आले आणि त्यांनी बंद केला. तू तिला फोन कर.

बेटिंगवाल्यांनी आपल्याला घेऊ नये म्हणून एक सरकारी रजिस्टर आहे, त्यात नाव घातलं. तिथे मुदत निवडायची असते. मी सगळ्यात कमी निवडली. कायमची निवडायला हात गेला नाही, हे तुला सांगतो, कारण शंतनूला मी कायमची असं सांगितलंय. शनिवारी त्याच्याकडे फोन मागितला नाही, असं लिहिणार होतो. मागितला. त्याने दिला नाही. दाराला लाथ मारली नाही, एवढं खरं.

कमिटी काय करेल माहीत नाही. मला फिजिओ व्हायचंय, मावशी. हे मी खूप दिवसांनी लिहिलं. लिहिल्यावर भीती वाटली, कारण आता ते जाऊ शकतं.

कमिटीपुढे सोबत एक माणूस नेता येतो. मी कुणाचं नाव दिलेलं नाही, एकटाच आत जाणार आहे. तू माझ्यासाठी काही बोलावंस असं नाही, कमिटीला दिसावंस असंही नाही. तू नाही म्हणणार, आधीच म्हणाली आहेस, आणि तुझं बरोबर आहे. मम्मीनंतर तूही फोन उताणा ठेवलास तरी मी समजेन.

तरी विचारतो. सत्तावीसला सकाळी ये. माफ करून येऊ नकोस, रागावलेलीच ये. आत येऊ नकोस. गेटपर्यंत ये, आणि मी मागे वळून बघेन तेव्हा उभी राहा.

तुझा,
जॉर्डन